गोडनिंबावरची अळी आणि एक मिलिमीटर

आमच्या गॅलरीत गोडनिंबाची एक कुंडी आहे. (नागपूरबाहेरच्यांसाठी: गोडनिंब म्हणजे कढीपत्ता. पुढे कुठे सांभार म्हणालो तर ती कोथिंबीर समजा, इडलीसोबतचं नाही.) मागच्या पावसाळ्यात तिच्या एका पानावर चिमणीची शीट दिसली. फडक्यानं पुसायला गेलो तर शीट हलली. लिंबू फुलपाखराची अळी होती ती, जेमतेम सेंटिमीटरभर. काळपट तपकिरी अंग, मध्ये पांढरा पट्टा आणि वर ओलसर चकाकी. पक्ष्यानं पाहिलं तर त्याला आपलंच काम वाटावं. काटोल-नरखेडकडचे संत्रावाले हिला चांगलं ओळखतात, कारण लिंबूवर्गीय झाडांच्या कोवळ्या पानांवरच ही वाढते, आणि गोडनिंब त्याच कुळातला. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, ज्याला २०१५ साली तो मान मिळाला, त्याच्या अळ्याही याच कुळातली झाडं धरतात.

मी कॅमेरा आणला. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स होती, तीच लावली आणि दोनेकशे फोटो काढले. एकही धड नाही. डोकं स्पष्ट आलं तर पाठ धूसर, पाठ स्पष्ट आली तर पान हललेलं, आणि बऱ्याच फोटोंत अळीपेक्षा गॅलरीचा कठडाच ठळक. शेजारच्या काकू त्यांच्या गॅलरीतून हे सगळं पाहत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "काय करून राहिला रे एवढा वेळ? अळी हाय ना ते? फेकून दे ना मंग."

मी मात्र माझ्याकडे महागडी लेन्स नाही म्हणून हे झालं असं ठरवलं, आणि पुढचा आठवडा लेन्सच्या किमती पाहण्यात घालवला. निदान चुकलं होतं. लेन्सचा प्रश्न होताच, पण तो दुसरा. पहिला प्रश्न होता एका मिलिमीटरचा. तो समजला की या छंदातल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे फ्लॅश, पहाटे उठणं, जमिनीवर लोळणं, का कराव्या लागतात ते आपोआप कळतं. म्हणून आधी तोच.

पोह्याएवढी जागा

"मॅक्रो" हा शब्द आपण फार सैल वापरतो. फोनमध्ये फुलाचं चिन्ह दाबलं की मॅक्रो, गुलाब जवळून काढला की मॅक्रो. खरा अर्थ मोजमापाचा आहे. दहा मिलिमीटरचा किडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे आत जिथे चित्र उमटतं त्या चकतीवर, दहाच मिलिमीटरचा उमटला, तर ते १:१, म्हणजे पूर्ण मॅक्रो. सुरुवातीच्या किमतीतल्या बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे १:१ ला तुमच्या चौकटीत जगाचा तेवढाच तुकडा मावतो. रुपयाचं नाणं ठेवून पाहा. रुंदीत बसेल, उंचीत वरून-खालून कापलं जाईल. किट लेन्स याच्या पाव ते तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडी जास्त मजल मारते. फुलपाखराला ते पुरतं, मुंगीला पुरत नाही.

मोठं दिसणं जमलं की खरी अडचण सुरू होते. कोणतीही लेन्स एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट दाखवते. त्याच्या थोडं पुढे, थोडं मागे जेवढं चालून जातं, तेवढ्या जाडीला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. लग्नात ग्रुप फोटो काढताना ही जाडी काही मीटर असते, म्हणून मागच्या रांगेतले मामासुद्धा ओळखू येतात. वस्तूजवळ जाल तशी ती झपाट्यानं आटते. १:१ ला, एफ ८ अॅपर्चरवर, ती अर्धा ते एक मिलिमीटर उरते. (अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक.) म्हणजे तर्री-पोह्यातल्या एका जाड पोह्याएवढी. त्या पोह्याच्या आत जे असेल ते स्पष्ट, बाकी सगळं लोणी.

मग अॅपर्चर आणखी बंद करावं की? एफ १६ केलं तर जाडी सव्वा ते दोन मिलिमीटर होते, हे खरं. पण छिद्र फार बारीक झालं की प्रकाश त्याच्या कडेवरून वळताना पसरतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. मॅक्रोत हे नेहमीपेक्षा लवकर घडतं. १:१ ला लेन्स सेन्सरपासून इतकी दूर गेलेली असते, निदान प्रकाशाच्या हिशेबानं, की एफ ११ प्रत्यक्षात एफ २२ सारखं वागतं. हे आकडे पाठ करायची गरज नाही. एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

ही जाडी फारशी वाढत नाही म्हटल्यावर एकच गोष्ट आपल्या हाती उरते, ती कशी आणि कुठे ठेवायची. माझे दोनशे फोटो इथेच फसले होते. मी अळीकडे वरून तिरपं पाहत होतो, त्यामुळे पोहा तिच्या अंगाला आडवा छेदत होता आणि एकच वळी स्पष्ट येत होती. हे कळल्यावर गुडघ्यांवर बसलो, कॅमेरा तिच्या बाजूला, तिच्या अंगाला समांतर धरला, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खी अळी त्या पोह्यात आली. तीच लेन्स, तोच कॅमेरा. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर पंखाला समांतर राहा. चतुर (ड्रॅगनफ्लाय) पंख पसरून बसला असेल तर वरून, सरळ खाली. समांतर राहणं शक्यच नसेल, म्हणजे किडा समोरून तुमच्याकडे तोंड करून असेल, तर सगळा जीव डोळ्यावर लावा. डोळा स्पष्ट असला की बाकी अंग धूसर असलं तरी बघणाऱ्याला खटकत नाही. पाय स्पष्ट आणि डोळा धूसर असेल तर तो फोटो खोडून टाका.

या मिलिमीटरची दुसरी बाजू म्हणजे हलणं. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चित्राची रुंदी सुमारे ६००० पिक्सेल असते. १:१ ला त्यात २४ मिलिमीटर मावतात, म्हणजे एका मिलिमीटरला अडीचशे पिक्सेल. वाऱ्यानं पान मिलिमीटरभर सरकलं की किडा चित्रात अडीचशे पिक्सेल सरकला. तुमचा हात, तुमचा श्वास, शेजारून गेलेला ऑटो, सगळ्यांचा हिशेब याच दरानं लागतो.

लेन्सचं काय

आता लेन्सकडे येऊ, कारण प्रत्येकजण आधी तेच विचारतो. खास मॅक्रो लेन्स, ९० किंवा १०० मिलिमीटरच्या आसपासची, सर्वात सोयीची. लेन्सचं टोक किड्यापासून बारा-पंधरा सेंटिमीटर दूर ठेवून १:१ मिळतं आणि फ्लॅशला जागा उरते. पण सुरुवात करायला ती लागत नाही. छंद टिकेल की नाही हे कळायच्या आधी एवढे पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्वात स्वस्त वाट रिव्हर्स रिंगची. काही शे रुपयांत मिळणारी एक धातूची कडी, तिच्यानं लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला लावायची. पन्नास मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की साधारण १:१ च्या जवळ पोचता येतं. किट लेन्स १८ वर ठेवून उलटी लावली तर त्याच्याही बरंच पुढे, इतकं पुढे की सुरुवातीला किडा सापडतच नाही. शिकायला ही रिंग फार चांगली, कारण पोह्याची जाडी म्हणजे काय ते ती तासाभरात शिकवते. पण कटकटी आहेत. लेन्सचा आणि कॅमेऱ्याचा संवाद तुटतो, त्यामुळे अॅपर्चर बदलता येत नाही. जुन्या लेन्सवर अॅपर्चरची फिरती कडी असेल तर प्रश्न मिटला. कॅननच्या लेन्ससाठी एक जुगाड आहे: लेन्स सरळ लावून एफ ८ ठेवा, डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा. पाती त्याच जागी अडकून राहतात. लेन्सची मागची नाजूक काच मात्र धुळीला उघडी पडते. आणि किड्यापासून अंतर चार-पाच सेंटिमीटर उरतं. एवढ्या जवळ गेल्यावर चतुर तर सोडाच, घरमाशीसुद्धा थांबत नाही.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ नळ्या. आत काच नसते. हिशेब सोपा: नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ५० मिलिमीटरची नळी म्हणजे १:१. त्याच नळीनं २०० मिलिमीटरच्या लेन्सला फक्त पाव पट मिळेल. म्हणून नळ्या छोट्या लेन्सला शोभतात.

मोठ्या झूम लेन्सला, म्हणजे ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी एखादी घरात पडून असेल तर, मी डोळे मिटून क्लोज-अप लेन्स सुचवतो. पुढून चिमट्यानं बसते. हौशी लोकांत रेनॉक्सची डीसीआर-२५० फार चालते. तिची ताकद ८ डायॉप्टर, तुमच्या-आमच्या चष्म्याच्या नंबरासारखीच. मोजायचं असेल तर झूमचे मिलिमीटर गुणिले ८ भागिले १०००. झूम १२५ वर ठेवलं की १:१, २५० वर ठेवलं की दुप्पट. किड्यापासून अंतर साधारण बारा सेंटिमीटर. काढायला-घालायला दोन सेकंद. मीही शेवटी इथेच थांबलो, आणि आठवडाभर पाहिलेल्या किमती विसरलो.

फोनवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. फोनचा सेन्सर बारीक असल्यामुळे त्याच चौकटीला त्याची डेप्थ ऑफ फील्ड उलट जास्त मिळते. फोनच्या कॅमेऱ्याला चिमट्यानं लावायची छोटी लेन्स मिळते, तिनं मुंगीचे केससुद्धा दिसतात. अंतर फार कमी, दोन-चार सेंटिमीटर, आणि उजेड भरपूर लागतो. आळशी किडे निवडा.

आभाळाचा तुकडा

एफ ११, शिवाय १:१ ला होणारी प्रकाशाची घट, शिवाय हलणं थांबवायला वेगवान शटर. या तिघांची बेरीज केली की भर दुपारीही झाडाखाली उजेड कमी पडतो. म्हणून फ्लॅश. लोकांना वाटतं फ्लॅश अंधारासाठी असतो. मॅक्रोत तो मुख्यतः गोठवण्यासाठी असतो. कमी ताकदीवर, समजा १/१६ वर, फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या पाच हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो. कॅमेरा एम मोडवर (म्हणजे सगळं आपणच ठरवायचं), शटर १/२००, एफ ११, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) २०० ठेवलं की आजूबाजूचा उजेड चित्रात जवळजवळ उमटतच नाही. उमटतो तो फ्लॅशचा क्षण, आणि त्या क्षणात पान फारसं सरकलेलं नसतं.

पण उघड्या फ्लॅशनं भुंगेरा काढून पाहा. त्याचं कवच म्हणजे घासलेला तांब्या. त्यात पांढरा जळका ठिपका येतो आणि बाकी अंग काळं. कारण त्या भुंगेऱ्याच्या जागेवरून पाहिलं तर फ्लॅश म्हणजे एक छोटा, कडक सूर्य आहे. आपल्याला हवं आहे ढगाळ आभाळ. प्रकाश मऊ की कडक हे त्याच्या ताकदीवर ठरत नाही, किड्याला तो केवढा मोठा दिसतो यावर ठरतं. सहा मिलिमीटरच्या भुंगेऱ्यापासून दहा सेंटिमीटरवर ए-फोर कागद धरला तर त्याच्यासाठी ते अख्खं आभाळ झालं. डिफ्यूझर म्हणजे एवढंच.

माझा डिफ्यूझर असा: बटाटा चिप्सचा लांब गोल डबा, बूड कापलेला, आतून चकचकीतच असतो त्यामुळे काही लावावं लागलं नाही. तो कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला रबरबँडनं बांधला, म्हणजे उजेड लेन्सच्या टोकापर्यंत आला. पुढच्या तोंडाला पार्सलमध्ये येतो तो पातळ पांढरा फोम वाकवून लावला, लेन्सच्या वरून छपरासारखा, आणि त्याच्या खाली बोटभर जागा सोडून ट्रेसिंग पेपरचा आणखी एक थर. ही मधली जागा महत्त्वाची. दोन्ही थर एकमेकांना चिकटवले तर मधोमध गरम ठिपका राहतोच. पहिल्या प्रयोगात मी नेमकं तेच केलं होतं, आणि लेडीबर्डच्या, म्हणजे आपल्या ढालकिड्याच्या, पाठीवर डब्याचं गोल तोंड जसंच्या तसं उमटलं होतं. ढालकिडा हा डिफ्यूझर तपासायचा उत्तम आरसा आहे. त्याच्या पाठीवर काय दिसतं ते पाहत जा आणि कागद सरकवत जा.

फ्लॅशचा एक दोष मात्र राहतो, मागचा भाग काळा येतो. भर दुपारचा फोटो रात्रीचा वाटतो. कारण अंतर वाढलं की प्रकाश वर्गाच्या हिशेबानं घटतो. डिफ्यूझरपासून किडा दहा सेंटिमीटरवर आणि मागचं पान पन्नास सेंटिमीटरवर असेल, तर पानाला पंचविसावा हिस्सा मिळणार. उपाय दोन. किड्याच्या मागे हातभर पोकळी असण्यापेक्षा जवळच एखादं पान किंवा फूल येईल असा कोन शोधा. नाहीतर आयएसओ ८०० पर्यंत वाढवून, शटर थोडं मंद करून, आजूबाजूचा उजेड आत येऊ द्या. मी पहिलाच उपाय करतो. एका हातात मागे मोठं पान धरूनही ठेवतो, कोणी पाहत नसेल तर.

नागपुरात कधी, कुठे

कीटक थंड रक्ताचे. त्यांच्या अंगाची ऊब बाहेरून येते, हे आपल्या फायद्याचं. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली उतरतो. त्या पहाटे अंबाझरी किंवा फुटाळ्याच्या काठच्या गवतात चतुर आणि टाचण्या (चतुरांच्या बारीक, नाजूक बहिणी) दवानं भिजून काडीला लटकलेल्या असतात. सूर्य वर येईपर्यंत त्या हलू शकत नाहीत. समांतर व्हायला, डिफ्यूझर सरकवायला, चष्मा पुसायला, सगळ्याला वेळ मिळतो. ऊन लागलं की चतुर पंख थरथरवून अंग तापवायला लागतो. ती थरथर दिसली की आता हा उडणार.

जून वेगळा. मृग लागून पहिले दमदार शिरवे आले की ओल्या मातीत लाल मखमलीचे मृगाचे किडे निघतात. सेमिनरी हिल्सवर, मोकळ्या मैदानांत, कुठेही. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे हा कीटक नाही, कोळी-गोचिडांच्या गोतावळ्यातला माइट आहे. नवशिक्यासाठी देवानं पाठवलेला विषय: मोठा, मंद, निर्भय. फक्त तो इतका लाल आहे की कॅमेऱ्याचा लाल रंगाचा रकाना भरून सांडतो, आणि मखमल जाऊन नुसता लाल डाग उरतो. पडद्यावर फोटो ठीक दिसत असतो, म्हणून कळत नाही. उजेड अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड) कमी ठेवा आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेरा दाखवतो त्या उजेडाच्या आलेखात, लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली नाही ना ते पाहा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढला असेल तर थोडं सावरता येतं.

खरा हंगाम जुलैपासून दिवाळीपर्यंत. त्यासाठी पेंचला किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला जायची काही गरज नाही. तिथे जिप्सीतून उतरता येत नाही, आणि जिप्सीतून मुंगी दिसत नाही. गोरेवाडा आणि अंबाझरीचं जैवविविधता उद्यान चांगली आहेत, पण माझं आवडतं ठिकाण म्हणजे कोणत्याही नव्या ले-आउटमधला रिकामा प्लॉट. पोळा आणि मारबत होईपर्यंत तिथे तरोटा (म्हणजे टाकळा) गुडघ्याच्या वर येतो. त्याच्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. कोपऱ्यात रुई असतेच, आणि रुईचं एक झाड म्हणजे अख्खं गाव. कोवळ्या शेंड्याला पिवळा मावा, मावा खायला ढालकिडे आणि त्यांच्या मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या, माव्याचा गोड रस चाटायला मुंग्या, पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या, फुलांवर काळे भुंगे. एका झाडाशी दोन तास सहज जातात. चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका. तो डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा करतो, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावणाऱ्यांची बोटं डोळ्यापासून दूर नसतात.

संध्याकाळी वाळक्या काड्यांवर नजर ठेवा. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर रात्री घरी जात नाहीत, जबड्यानं काडी पकडून तिथेच लटकून झोपतात. एका काडीवर चार-पाच ओळीनं. पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही.

आणि उन्हाळा? पारा पंचेचाळीसच्या वर, नवतपा चालू, बाहेर चिटपाखरू नाही. अशा वेळी कूलरकडे जा. खिडकीतल्या कूलरच्या ओल्या ताट्यांवर आणि खाली टपकणाऱ्या पाण्यावर मधमाश्या येतात, कुंभारमाश्या ओली माती उचलायला येतात. पाणी पिणारी मधमाशी बराच वेळ जागची हलत नाही. माझे मधमाशीचे सगळ्यात चांगले फोटो दुपारी दोन वाजता, बनियनवर, घराच्या मागच्या भिंतीशी काढलेले आहेत.

घरात सांभाराची जुडी आणायची ती आणा, पण कुंडीतला सांभार एकदा फुलू द्या. त्या पांढऱ्या फुलांवर इवल्या पट्टेरी माश्या एका जागी तरंगत येतात, मधमाशीची नक्कल करणाऱ्या. त्यांची पिल्लं मावा खातात.

हात, गुडघे आणि रखवालदार

ऑटोफोकस बंद करा. एवढ्या जवळून तो पुढे-मागे चाचपडत राहतो आणि किडा निघून जातो. किती मोठं हवं ते आधी ठरवून लेन्स तिथेच ठेवा, मग स्वतः पुढे-मागे व्हा. अक्षरशः कमरेतून झुला, दाढ दुखताना माणूस झुलतो तसं, आणि डोळा स्पष्ट झाला की बटण. एकेक फोटोच्या भरवशावर राहू नका. पाच-सहा सलग काढा, त्यातला एक त्या पोह्यात सापडतो.

ट्रायपॉड मी विकून टाकला. तो मांडेपर्यंत किडे पांगतात. त्यापेक्षा डावा हात वापरा. बोटांनी काडी किंवा पानाचा देठ हलकेच धरा आणि लेन्सचं टोक त्याच हाताच्या मनगटावर टेकवा. आता वारा आला तरी काडी आणि कॅमेरा सोबत हलतात, म्हणजे एकमेकांच्या हिशेबानं हलतच नाहीत. ही एक युक्ती मला वर्षभर उशिरा कळली.

जवळ जाताना सावली किड्यावर पडू देऊ नका. सावली म्हणजे त्याच्या लेखी पक्षी. लांबून एक फोटो, एक पाऊल, पुन्हा एक. सुरुवातीला उड्या मारणारे कोळी धरा. (हेही आठ पायांचे, कीटक नव्हेत, पण इथे पंक्तिभेद कोणी करत नाही.) घराच्या भिंतीवर, कुंपणावर सापडतात. लेन्स जवळ आली की पळण्याऐवजी वळून तिच्याकडे पाहतात. समोरचे दोन मोठे डोळे, काळे, टपोरे. फोकस कुठे करायचा हा प्रश्नच उरत नाही.

लोक विचारतात, त्याची तयारी ठेवा. एका ले-आउटच्या रखवालदारानं मला तरोट्यात पोटावर पडलेला पाहून लांबूनच हाक मारली, "भाऊ, काही हरपलं काय?" मुंगीचा फोटो काढून राहिलो म्हटल्यावर तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "पैसे भेटते काय याचे?" नाही म्हटल्यावर निघून गेला, पण थोड्या वेळानं परत येऊन त्यानं कुंपणामागची गांधीलमाश्यांची पोळी दाखवली. लांबून दाखवली, हे त्याचे उपकार. गांधीलमाश्या आणि आग्या मोहोळ यांच्यावर फ्लॅश मारायचा नाही, जवळ जाऊन श्वासही सोडायचा नाही.

पोटावर पडण्याचंही जरा सांभाळून. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात आणि विदर्भात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले होते, काही दगावलेही. गवतातल्या माइटच्या सूक्ष्म अळ्या चावून तो जंतू अंगात जातो. हे माइट म्हणजे आपल्या मखमली मृगाच्या किड्याचे दूरचे भाऊबंद. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, खाली जाड सतरंजी किंवा प्लास्टिक, घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे धुवायला. नंतर ताप आला तर डॉक्टरांना गवतात लोळलो होतो हे आठवणीनं सांगा, आपणहून ते विचारतीलच असं नाही. आणि गुडघा टेकण्याआधी काठीनं गवत हलवा. घोणस वाळक्या पानांच्या रंगाचीच असते.

स्टॅकिंगबद्दल थोडक्यात. थोडा थोडा फोकस सरकवत दहा-वीस फोटो काढायचे आणि फोटोशॉप, हेलिकॉन फोकस किंवा झेरीन स्टॅकरसारख्या सॉफ्टवेअरनं त्यांचे स्पष्ट भाग एकत्र शिवायचे. अनेक पोहे एकावर एक रचले की जाडी वाढते. दवात गारठलेल्या चतुरावर छान जमतं, चालत्या मुंगीवर नाही. पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नये. आणि त्यासाठी किडा फ्रिजमध्ये गार करायचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. असे फोटो ओळखूही येतात, पाय चुकीच्या जागी वळलेले असतात.

गॅलरीतली अळी पुढे वाढली. शीटेचं सोंग टाकून शेवटच्या कातीनंतर हिरवीगार झाली, बोटाच्या दोन पेरांएवढी. तोवर माझ्याकडे रेनॉक्स होती, चिप्सचा डबा होता, गुडघ्याखाली उशी होती. एक फोटो राहिला होता. ही अळी डिवचली गेली की डोक्यामागून दोन लालसर, ओली शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुद्दाम डिवचायची नाही असं ठरवलं होतं. एका सकाळी समांतर बसलो, डोक्यावर फोकस लावला, झुलत होतो, आणि काकूंनी पलीकडून विचारलं, "फेकली नाही का रे अजून?" मी दचकलो, कोपर कुंडीला लागलं, शिंगं निघाली, बोटानं आपोआप बटण दाबलं.

पाच फोटो आले. पाचही फोटोंत शिंगं धूसर आहेत. मागचं गोडनिंबाचं पान मात्र शिरेन् शीर स्पष्ट आलंय.